दोन वह्या, एक शिल्लक

संस्थेचा पसारा वाढला म्हणजे हिशेबाची एक वही पुरेनाशी होते. समजा, शिष्यवृत्ती-निधीची एक वही रामाकोन्यास व तशीच दुसरी सौंसरला ठेवली, आणि दोन्हीकडे लिहिण्याची मुभा दिली. निधीत शिल्लक ५,००० रुपये. एकाच सकाळी रामाकोन्याने एका मुलीस ४,००० मंजूर केले, सौंसरने एका मुलास ४,०००. प्रत्येक वही आपापल्या जागी बरोबर. तरी ३,००० रुपये कमी पडले! फी भरण्याच्या दिवशी कोणाच्या तरी लेकराने रिकाम्या हाताने परतावयाचे.

संगणकात कोष्टकांच्या रूपाने साठविलेल्या माहितीचीही हीच अडचण आहे. अनेक ठिकाणी एकाच वेळी लिहू देण्याच्या पद्धतीस ‘मल्टी-मास्टर रेप्लिकेशन’ म्हणतात. तिचे मुख्य मार्ग दोन. पहिला, इतर ठिकाणांची संमती घेऊन मगच नोंद पक्की करणे. यात चूक टळते, पण वेळ लागतो, आणि संपर्क तुटला की काम अडते. दुसरा, आधी लिहून मागाहून कळविणे. यात काम झटपट होते; पण वरील घोटाळा याच वाटेने येतो. ‘शेवटची नोंद खरी’ असा नियम केला तर वाद मिटतो, परंतु एकाची नोंद गुपचूप पुसली जाते.

जिम ग्रे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली गणिताने दाखविले की, पहिल्या मार्गात ठिकाणे दसपट केली तर एकमेकांत अडकून पडणारी कामे हजारपट होऊ शकतात.

म्हणून निवडीपूर्वी आपण तीन प्रश्न विचारावेत.

१. हेतू केवळ वही सुरक्षित राहावी एवढाच आहे काय? तर लिहिणारा एकच ठेवावा. इतरांनी प्रत बाळगावी. ‘मायएसक्यूएल’च्या समूह-पद्धतीतही मुळात एकच प्रमुख नेमलेला असतो.

२. दोघांनी लिहिणे आवश्यकच असेल, तर काम वाटता येईल काय? रामाकोन्याच्या नोंदी रामाकोन्याने, सौंसरच्या सौंसरने कराव्यात. पावत्यांना एकीकडे सम व दुसरीकडे विषम क्रमांक द्यावेत.

३. एकाच शिलकेतून दोघांना खर्च करावयाचा आहे काय? तर संमतीवाचून गत्यंतर नाही. अशा वेळी ठिकाणे निदान तीन असावीत. एक बंद पडले तरी दोघांचे बहुमत राहते.

एकेरी रेल्वेमार्गावर ज्या चालकाच्या हाती टोकनाचा गोळा, त्याचीच गाडी पुढे जाई. त्यामुळे थोडा खोळंबा होई, पण टक्कर टळे. निधी ही लोकांची अमानत आहे. तिच्या बाबतीत थोडा उशीर आपण सोसावा, हेच आम्हांस योग्य वाटते.