अभ्यासपाठ: शिकवण्याचेही दान

निर्गम 35:34 मध्ये बसालेल व अहलियाब यांना कारागिरीबरोबर ती शिकवण्याची बुद्धीही मिळाली, असे आपण वाचतो. कन्नड-सोयगावकडील आदिवासी मुलांना सुतारकामाच्या व्हिडिओंच्या लिंक पाठवताना हे लक्षात ठेवू या. लिंकांचा ढीग म्हणजे धडा नव्हे. पटाशीला धार लावायला न शिकता मुलगा थेट सांधा करू लागला, तर बोथट पटाशी जोर लावताच निसटते आणि हात कापतो.

1. क्रम लावा: गुण्याने आखणी, मग करवत, धार लावणे, रंधा, पटाशी, सांधे शेवटी. सुतारकाम हा आयटीआयचा एक वर्षाचा ट्रेड आहे. त्याचा अभ्यासक्रम ‘भारत स्किल्स’ या सरकारी संकेतस्थळावर पाहा.

2. त्याच क्रमाने यूट्यूबवर प्लेलिस्ट करा. वस्तीवर रेंज नसेल तर वसतिगृहात ॲपमध्येच डाउनलोड करा. दुसऱ्याचा व्हिडिओ परवानगीशिवाय कॉपी करून वाटू नका.

3. व्हिडिओला मुलाचा हात दिसत नाही. शेजारी जाणता माणूस हवाच.

चर्चेसाठी: आपल्या मंडळीत सुतारकाम कोणाला येते? महिन्यातला एक शनिवार ते देतील का?