गिटारची बटणे : घट्ट, सैल आणि सारखी

गेल्या स्नेहसंमेलनाच्या वाद्यवृंदात आमच्या गिटारवादक मित्राची फजिती झाली. गायिकेने अंतरा हलक्या आवाजात उचलला. साथ मंद करावी म्हणून मित्राने करंगळीने आवाजाचे बटण फिरवले, तो गिटार एकदम मुकीच झाली! प्रेक्षकांत हशा पिकला. दोष वादकाचा मानला गेला. पण खरा दोष बटणांचा होता. शेजारच्या घट्ट बटणाला लागणारा जोर त्याने सवयीने सैल बटणाला लावला होता.

वादक बटणाकडे पाहत नाही, हाताच्या अंदाजाने ते फिरवतो. १९५४ साली बाजारात आलेल्या फेंडर कंपनीच्या 'स्ट्रॅटोकास्टर' या गिटारवर एक बटण आवाजाचे आणि दोन टोनची, अशी तीन बटणे आहेत. आवाजाचे बटण तारांच्या इतके जवळ की वाजवता वाजवता करंगळी तेथे पोहोचते. तिन्ही बटणे सारखी फिरत असतील तरच हा अंदाज खरा ठरतो.

बटणाखाली 'पोटेन्शियोमीटर', म्हणजेच कारागिरांच्या बोलीतला 'पॉट', असतो. त्यात घोड्याच्या नालासारखी कार्बनची पट्टी असते व तिच्यावरून धातूचा एक स्पर्शक सरकतो. त्याला फिरवणारा दांडा पितळी बुशातून वर येतो आणि दांडा व बुश यांच्यामध्ये दाट ग्रीस भरलेले असते. हाताला जाणवणारा घट्टपणा मुख्यतः या ग्रीसचा. आवाजातील खरखर मात्र पट्टीवरील मळाची. हे दोन निराळे रोग आहेत आणि त्यांची औषधेही निराळी. खरखर घालवणारा फवारा बेताने वापरला नाही, तर तो ग्रीसही धुऊन नेतो आणि बटण भलतेच सैल होते.

एकाच गिटारची बटणे निरनिराळी का होतात? आवाजाचे बटण सतत फिरते, म्हणून त्याचे ग्रीस मोकळे राहते. टोनची बटणे महिनोन्‌महिने कोणी हात लावत नाही. त्यांचे ग्रीस चिकट होऊन बसते. मध्येच एखादा पॉट बदललेला असला, तर निराळ्या बनावटीमुळेही फरक पडतो.

आता उपाय. प्रथम गिटारची वायर अॅम्प्लिफायरमधून काढावी. मग प्रत्येक बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवावे. पुष्कळदा एवढ्यानेच घट्ट बटण मोकळे होते.

न झाल्यास बटण काढावे. बाजूला बारीक स्क्रू असेल तर तो आधी सैल करावा. नसेल तर बटणाखाली कापडाची पट्टी सरकवून सरळ वर ओढावे. पेचकसाने उचकटू नये, प्लॅस्टिक तडकते. आता नुसता दांडा बोटांनी फिरवून पाहावा. तो मोकळा असेल तर पॉट निर्दोष आहे, बटणच खाली घासत होते असे समजावे. पोस्टकार्डाच्या जाडीइतकी फट ठेवून ते पुन्हा बसवावे. दांड्याबरोबर सगळा पॉटच फिरत असेल तर त्याचा नट कसावा; नाहीतर आतल्या तारा पिळवटून डाख सुटतो.

दांडाच घट्ट असेल तर काडीच्या टोकाने शिवणयंत्राच्या तेलाचा एकच थेंब बुशाच्या तोंडाशी द्यावा, दांडा फिरवावा आणि उरलेले तेल पुसून घ्यावे. जास्त तेल पट्टीवर उतरले, तर घट्टपणाच्या जागी खरखर येते.

सैल बटणाचा उपाय याहून सोपा आहे. बटणाखाली फेल्टची पातळ चकती ठेवावी, की घर्षण वाढते. सतारीची किंवा तंबोऱ्याची खुंटी घसरू लागली की तिला खडू लावतात, त्यातलाच हा प्रकार. घर्षण हा नेहमीच शत्रू नसतो! चकती नको वाटली तर काढता येते. आत गेलेले तेल काढता येत नाही. म्हणून तिन्ही बटणे सारखी करताना सैलाला घट्टाच्या जवळ आणणे अधिक सुरक्षित.

सर्व उपाय थकले तर पॉट बदलावा. शक्य तर तिन्ही एकाच बनावटीचे घ्यावेत. सिंगल-कॉइल पिकअपसाठी साधारणतः २५० किलो-ओहमचा आणि हंबकरसाठी ५०० किलो-ओहमचा पॉट वापरतात. दांड्याची जाडीही मोजावी : काही दांडे ६ मिलिमीटरचे, तर काही पाव इंचाचे, म्हणजे ६.३५ मिलिमीटरचे असतात. एकाचे बटण दुसऱ्यावर नीट बसत नाही.

आमच्या मित्राच्या गिटारला लागली ती फेल्टची एक चकती आणि अर्धा तास. टोनची दोन्ही बटणे नुसत्या फिरवण्याने मोकळी झाली. आता तालमीला बसण्यापूर्वी तो तिन्ही बटणे एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून घेतो. वाद्य जुळवणे केवळ तारांपुरते नसते, हे त्या फजितीने आम्हा सर्वांनाच शिकवले.