वार्ता थांबत नाही

एखाद्या भागात तणाव निर्माण झाला की शासन काही काळ इंटरनेट सेवा बंद ठेवते. जून 2023 मध्ये कोल्हापुरात असे घडले. अफवा पसरू नयेत, हा त्यामागील हेतू सांगितला जातो; परंतु अफवेबरोबर खरी बातमी, पैशांचे व्यवहार आणि आप्तांची खुशालीही अडून पडते. अशा वेळी माणसे परस्परांपर्यंत कशी पोहोचतात? याचे एक उत्तर आपल्या स्वातंत्र्यलढ्यात सापडते.

8 ऑगस्ट 1942 रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर ‘छोडो भारत’ ठराव संमत झाला. दुसऱ्याच दिवशी प्रमुख नेत्यांना अटक झाली. वृत्तपत्रांवर निर्बंध आले आणि रेडिओ तर सरकारच्याच हाती होता. तेव्हा 22 वर्षांच्या उषा मेहता यांनी सहकाऱ्यांसह मुंबईत एक गुप्त प्रक्षेपण केंद्र उभारले. 27 ऑगस्टपासून 42.34 मीटरवर ‘काँग्रेस रेडिओ’ ऐकू येऊ लागला.

या केंद्राचे खरे बळ यंत्रात नव्हते, माणसांत होते. यंत्रसामग्री मिळवून देणारे, मजकूर लिहिणारे, तो वाचणारे आणि ठिकठिकाणाहून बातम्या घेऊन येणारे निरोपे अशी ती साखळी होती. राममनोहर लोहिया यांचे तिला मार्गदर्शन होते. विदर्भातील आष्टी व चिमूर येथील दडपशाहीची वार्ता वृत्तपत्रे छापू शकत नव्हती. ती या रेडिओने देशाला ऐकवली. पोलिसांना सुगावा लागू नये म्हणून केंद्राची जागा वारंवार बदलली जाई.

अखेर साखळीतील एका तंत्रज्ञाकडूनच पोलिसांना ठिकाण कळले. 12 नोव्हेंबर 1942 रोजी प्रक्षेपण चालू असतानाच उषाबेन पकडल्या गेल्या. त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली. विश्वास हे अशा साखळीचे सामर्थ्य असते आणि तोच तिचा सर्वांत नाजूक दुवाही असतो.

आज परिस्थिती वेगळी आहे. देश स्वतंत्र आहे आणि शासन लोकांनी निवडलेले आहे. म्हणूनच बंदीचा आदेश प्रसिद्ध केला पाहिजे आणि इंटरनेट अनिश्चित काळ बंद ठेवता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 10 जानेवारी 2020 रोजी स्पष्ट केले. नागरिकांपाशीही उघड व सनदशीर साधने आहेत. सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे 2008 मध्ये सुरू झालेल्या ‘माणदेशी तरंग’सारखा सामुदायिक रेडिओ ऐकायला इंटरनेट लागत नाही. ग्रामपंचायतीचा फलक, दवंडी आणि महिला बचत गटाची बैठक यांनाही ते लागत नाही. मात्र ऐकलेली गोष्ट पुढे सांगण्यापूर्वी पारखून घेणे, ही जबाबदारी प्रत्येक साधनाबरोबर येते. ती पाळली गेली, तरच बंद काळात अफवेआधी सत्य पोहोचते.

पाठगत प्रश्न

1. ‘काँग्रेस रेडिओ’चे खरे बळ माणसांत होते, असे लेखात का म्हटले आहे?
2. इंटरनेट बंद असताना तुमच्या गावात किंवा वस्तीत खरी माहिती कोणत्या मार्गांनी पोहोचवता येईल? पाच-सहा वाक्यांत लिहा.