तापाचा पहिला दिवस लिहून ठेवा

रेणापूरच्या एका आजोबांनी विचारलंय: तीन वर्षांच्या नातवाला कावासाकी आजार झाला, इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाच्या रक्तवाहिनीला फुगवटा निघाला. आता पोराची छाती उघडावी लागणार का?

आजोबा, बहुतेक नाही. फुगवटा लहान असेल, तर रोज अ‍ॅस्पिरिनची छोटी मात्रा आणि ठरल्या तारखेला इको, एवढ्यावर भागतं. निम्म्याहून जास्त फुगवटे वर्ष-दोन वर्षांत आपसूक बसतात. 8 मिलिमीटर किंवा त्याहून मोठा असेल तर प्रकरण जड. तिथे रक्त साकळतं, म्हणून जोडीला वॉरफरिन द्यावं लागतं आणि सारखं रक्त तपासावं लागतं. बायपासचा विषय निघतो तो पुढे रक्तवाहिनी अरुंद होऊन हृदयाला रक्त कमी पडलं तरच.

पोरगं उड्या मारतंय म्हणून गोळी मनाने बंद करू नका. मात्र घरात किंवा अंगणवाडीत कांजिण्या, फ्लू निघाला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा; अशा वेळी अ‍ॅस्पिरिन यकृताला आणि मेंदूला घातक ठरू शकतं. तापाला आयब्युप्रोफेन नको, त्याने अ‍ॅस्पिरिनचा गुण जातो. दवाखान्यात या आजारावरचं इम्युनोग्लोब्युलिन दिलं असेल, तर गोवर-रुबेलाची लस साधारण 11 महिने लांबवतात, हे लस देणाऱ्या सिस्टरना सांगा.

आता बाकीच्या आईबापांसाठी. जपानच्या डॉ. टोमिसाकू कावासाकींनी 1967 मध्ये 50 मुलांची हकीकत मांडली, पण आजही हा आजार सांगणारी एकच अशी रक्ततपासणी नाही. आपल्याकडे तो गोवरात नाहीतर ‘उष्णता झाली’ यात खपून जातो. ताप पाच दिवस हटत नाही. डोळे लालभडक, पण चिपडं नाहीत. ओठ फुटलेले, जीभ लाल दाणेदार, अंगावर पुरळ, तळहात-तळपाय सुजलेले, मानेत गाठ. तान्ह्या बाळात ही सगळी लक्षणं दिसतीलच असं नाही. तिथे दंडावरचा बीसीजीचा वण बघा. तो लाल होऊन फुगला असेल तर थांबू नका.

यावरचं औषध म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन. ते वजनाच्या किलोमागे 2 ग्रॅम, सलाइनसारखं 10 ते 12 तास चालतं. महाग आहे, पण तापाच्या पहिल्या 10 दिवसांत मिळायला हवं. औषधाविना साधारण चारांत एका मुलाला फुगवटा येतो. वेळेत दिलं तर शंभरात चार-पाचांना.

अडचण अशी, की दवाखाना बदलला की तापाचा दिवस पुन्हा एकपासून मोजला जातो. ताप आला ती तारीख कागदावर लिहा, जुन्या चिठ्ठ्या सोबत घ्या आणि पाचव्या दिवशीही ताप असेल तर लातूरला बालरोगतज्ज्ञांकडे जा.