ग्रंथपालानं कुणाचं वाचावं?

अगं, परवा फोनवर तू म्हणालीस, "ताई, शाळेत गणिताचे चार शिक्षक आहेत, ते आपसात बोलतात. ग्रंथपाल मी एकटीच. अडलं तर विचारू कुणाला?" तेव्हापासून तुझ्याशी सविस्तर बोलायचं मनात आहे.

हे एकटेपण तुझ्या एकटीच्या वाट्याला आलेलं नाही. आपल्याकडे शाळेत ग्रंथपाल असलाच तर एकच असतो, कितीतरी ठिकाणी तोही अर्धवेळ. बाकीच्या शाळांत कपाटाची किल्ली एखाद्या बाईंकडे असते, त्यांच्या तासिका सांभाळून. बी.लिब.ला आपण वर्गीकरण शिकलो, तालिकीकरण शिकलो. पण सहावीतला मुलगा रोज एकच पुस्तक काढतो, दोन पानं चाळतो आणि परत ठेवतो, त्याचं काय करायचं हे कुठल्याच पेपरात नव्हतं. ते कळतं आपल्यासारखंच काम करणाऱ्यांकडून. ती माणसं तुझ्या शाळेत नाहीत, पण ती लिहितात. त्यांचं लिखाण शोधणं आणि धरून ठेवणं हे तुझ्या कामाचंच अंग आहे असं मान. फावल्या वेळचा छंद म्हणून त्याकडे पाहू नकोस.

शोधायचं कसं, ते सांगते. इंटरनेटवर "शालेय ग्रंथालय" एवढंच टाकून बसू नकोस, पसाऱ्यात हरवशील. तुला आवडलेल्या एका पुस्तकापासून निघ. माधुरी पुरंदरे तुझ्या मुलांच्या लाडक्या आहेत ना? 2016 मध्ये त्यांना बिग लिटल बुक पुरस्कार मिळाला. तो देणारे टाटा ट्रस्ट्स. त्यांचाच 'पराग' नावाचा बालसाहित्याचा उपक्रम आहे. 'पराग'कडे गेलीस की दोन गोष्टी सापडतील. एक, 2020 पासून दरवर्षी निघणारी निवडक बालपुस्तकांची यादी. ती हिंदी-इंग्रजी पुस्तकांची आहे, तरी वाच. चांगलं पुस्तक का चांगलं, हे ओळखायला नजर तयार होते. दुसरी, ग्रंथालयात मुलांबरोबर काम करणाऱ्यांसाठीचा त्यांचा अभ्यासक्रम. त्या अभ्यासक्रमाच्या वाटेनं तू गोव्यात पोचशील, 'बुकवर्म'कडे. सुजाता नोरोन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये सुरू केलेलं हे काम पुस्तकं देण्याघेण्यापुरतं थांबलं नाही. शाळाशाळांत, वस्त्यांत जाऊन मुलांसमोर पुस्तक कसं उघडायचं, वाचून दाखवताना कुठे थांबायचं, याचा त्यांनी बारकाईनं विचार केला आहे. बघ, एका आवडत्या लेखिकेपासून निघून तू कुठवर आलीस! भरवशाच्या माणसानं ज्याचं नाव घेतलं, त्याच्याकडे जायचं. शोधायची हीच रीत मला सगळ्यांत खात्रीची वाटते.

मराठीतही जवळच बरंच काही आहे. पुण्याचं 'पालकनीती' कितीतरी वर्षं मुलांच्या शिकण्याविषयी गंभीरपणे लिहितं आहे. बालभारतीचा 'किशोर' 1971 पासून निघतो, त्याचे जुने अंक आता इंटरनेटवर मोफत वाचता येतात. एखाद्या विषयावर मुलांसाठी काय लिहिलं गेलंय हे शोधायला तो खजिनाच आहे. प्रथम बुक्सनं 2015 मध्ये सुरू केलेल्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठी चित्रपुस्तकं मुक्त परवान्यानं मिळतात, वाचनाच्या चार पातळ्यांत लावलेली. छापून घेतलीस तरी कुणाची परवानगी लागत नाही. इंग्रजीची भीती वाटत नसेल तर अमेरिकेतलं 'स्कूल लायब्ररी जर्नल' बघ, 1954 पासून चालू आहे. आणि ग्रंथालयांच्या जागतिक महासंघानं, म्हणजे इफ्लानं, 2015 मध्ये शालेय ग्रंथालयांसाठी काढलेली मार्गदर्शक तत्त्वं एकदा तरी पूर्ण वाच. ती विनामूल्य आहेत. मुख्याध्यापकांशी ग्रंथालयाच्या तासासाठी बोलायची वेळ येईल, तेव्हा पाठीशी आधार असेल.

आता निवडीचं. वाचशील त्या प्रत्येकाबद्दल स्वतःला विचार: हे लिहिणारी व्यक्ती मुलांत बसते का? कुठली इयत्ता, किती मुलं, किती वेळ, हे ती सांगते का? फसलेला तासही सांगते, की सगळं गोडच? शेवटी काही विकायला तर निघाली नाही ना? आणि शेवटचं लिखाण कधीचं आहे? या प्रश्नांतून जो तावून सुलाखून निघेल, तोच ठेव. व्हॉट्सॲपच्या गटात रोज येणाऱ्या "मुलांनी वाचलीच पाहिजेत अशी शंभर पुस्तकं" वगैरे याद्या वाचणं म्हणजे कुणाला धरून वाचणं नव्हे. त्या कुणी केल्या, कशावरून केल्या, हेच कळत नाही.

थोडेच ठेव, हे मी पुन्हा पुन्हा सांगेन. रंगनाथनांची पाच सूत्रं आपण पाठ केली, 1931 च्या पुस्तकातली. वाचकाचा वेळ वाचवण्याविषयीचं चौथं सूत्र आपण मुलांना लावतो. अगं, तूही वाचकच आहेस, ते स्वतःलाही लाव. मोजकी ठिकाणं निवड, पण ती सोडू नकोस. त्यांची ईमेल पत्रिका असेल तर नाव नोंदव. फीड रीडर नावाची सोय वापर. फीडली हे त्यातलं एक. ज्या संकेतस्थळांना फीड असतं, त्यांच्या नव्या लेखांची शीर्षकं ते एका जागी आणून ठेवतं. तुला दारोदार फिरावं लागत नाही. फक्त यादी वहीतही उतरवून ठेव. पूर्वी यासाठी पुष्कळ जण गूगल रीडर वापरायचे, ते 2013 च्या जुलैत बंद झालं. सोयी येतात नि जातात, आपली यादी आपल्याजवळ हवी.

वेळ ठरव. शनिवारी सकाळची शाळा सुटली की घरी निघण्याआधी अर्धा तास. रोजच्या दिवसात देवघेव, दाखल नोंदवही आणि बदली तास यांतून ते होणार नाही. आणि वाचताना वही उघडी ठेव. काय वाचलं, कोणत्या वर्गात करून बघणार, काय झालं, असे तीन रकाने आख. तिसरा रकाना रिकामा राहिला तर ते वाचन अर्धंच राहिलं असं समज.

परदेशातलं जसंच्या तसं उचलू नकोस. त्यांच्या लेखातल्या वर्गात वीस-पंचवीस मुलं असतील, तुझ्या तासाला साठ येतात. पण त्यामागचा विचार घेता येतो. पुस्तकाचा कणा दिसण्यापेक्षा मुखपृष्ठ दिसलं की मूल ते उचलतं, हे तिथल्या ग्रंथपाल सांगतात. त्यांच्यासारखी फळी आपल्याकडे नसली म्हणून काय झालं? दोरी बांध, चिमटे लाव, पातळ पुस्तकं टांग. मग आठवडाभर बघ कोणतं पुस्तक हललं, कोणतं तसंच राहिलं, आणि ते तिसऱ्या रकान्यात लिही.

वर्षातून एकदा साठा पडताळणी करतेस ना, तेव्हाच ही यादीही पडताळ. सहा महिन्यांत ज्याच्याकडून तुझ्या वहीत एकही ओळ आली नाही, त्याचं निर्लेखन कर, मन घट्ट करून. जागा झाली की नवा आवाज घे.

याचा उपयोग कुठे होतो, विचारशील. मार्चमध्ये अनुदान खर्ची टाकायची घाई होते आणि विक्रेता गठ्ठा पाठवतो, तेव्हा. त्या वेळी तुझ्याकडे स्वतःची यादी असेल आणि प्रत्येक पुस्तकापुढे "का" लिहिलेलं असेल, तर मुख्याध्यापक तुझं ऐकतील. नसेल तर कपाटात सामान्यज्ञानाच्या गाइडांची भर पडेल आणि मुलं ती उघडणार नाहीत. वाचणाऱ्या ग्रंथपालाच्या शब्दाला शाळेत वजन येतं, हे मी पाहिलं आहे.

आणि आता खरी मागणी. तू लिही. बडोद्यात सयाजीरावांच्या ग्रंथालय चळवळीतून 1912 मध्ये 'लायब्ररी मिसेलनी' नावाचं नियतकालिक निघालं, इंग्रजी, गुजराती आणि मराठीत. शंभर वर्षांपूर्वी ग्रंथपालांसाठी मराठीत व्यावसायिक लिखाण होत होतं. आज शाळेच्या ग्रंथालयात मुलांबरोबर रोज काय घडतं, हे मराठीत फार कमी लिहिलं जातं. तुझ्या वहीचा तिसरा रकाना हा त्याचा कच्चा माल आहे. दर महिन्याला एक पान पुरे: इयत्ता, पुस्तक, काय केलं, मुलं काय म्हणाली, काय जमलं नाही. मुलांची नावं मात्र गाळ. तालुक्यातल्या दोन-चार ग्रंथपालांना ते पाठव आणि त्यांच्याकडूनही एकेक पान माग.

पहिलं पान मला पाठव. सहावीतल्या त्या मुलावरच लिही, त्याच्यासाठी काय काय करून पाहिलंस ते.