परभणीत घर कुठे पाहावे?

प्रश्न : बदलीमुळे आम्ही परभणीला येत आहोत. मुले तीन आणि सहा वर्षांची आहेत. घर वसमत रोडला पाहावे की शहराबाहेरच्या नव्या लेआउटमध्ये?

उत्तर : माझा कल वसमत रोडकडे. कृषी विद्यापीठ १९७२ पासून इथे आहे आणि त्याच्या आसपास झाडांची सावली मिळते. मात्र रस्ता वर्दळीचा, म्हणून शाळेसाठी मुलांना तो रोज ओलांडावा लागणार नाही अशी गल्ली निवडा.

त्याहून मोठा प्रश्न पाण्याचा. जिंतूर तालुक्यातल्या येलदरी धरणात पाणी असले म्हणजे ते तुमच्या नळाला रोज येईल असे नाही. नळ किती दिवसांआड येतो, हे एजंटला नव्हे, शेजारच्या काकूंना विचारा. हौद केवढा आहे, बोअर मे महिन्यात चालते का, हेही पाहा.

नव्या लेआउटमध्ये भाडे कमी असते. पण डांबरी रस्ता नसेल तर पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल स्कूटर हलू देत नाही, स्कूलव्हॅन दारापर्यंत येत नाही.

थेट स्लॅबखालची खोली नको. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि रात्रीही छत तापलेले राहते. पहिले वर्ष भाड्यानेच राहा. प्लॉट घ्यायचाच झाला, तर आधी एनएचे कागद वकिलाला दाखवा.