फोनो प्रीअँप्लिफायरसाठी कपॅसिटरची निवड

मी कला शाखेचा पदवीधर आणि पेशाने बँकेतील लिपिक. विज्ञानाशी माझा संबंध शाळेतच संपला होता. तरीही सुट्टीच्या दिवशी सोल्डरिंग आयर्न हातात धरण्याचा छंद मला जडला. त्यात एक चूक करून जे शिकलो ते विद्यार्थी मित्रांच्या उपयोगी पडेल, म्हणून हा लेखनप्रपंच.

रेकॉर्डवर ध्वनी जसाच्या तसा कोरत नाहीत. खर्जाचे सूर तसेच कोरले तर खाच शेजारच्या खाचेत शिरेल, म्हणून खर्ज कमी करतात. उंच सूर मात्र वाढवून कोरतात, कारण सुईची खरखर त्याच पट्ट्यात जास्त जाणवते. वाजवताना याच्या नेमके उलट करावे लागते आणि त्याबरोबर खरखरही दबते. हे प्रमाण अमेरिकेतील ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेने १९५४ साली ठरविले. तिच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘आरआयएए’ म्हणतात. १००० हर्ट्झच्या तुलनेत २० हर्ट्झ सुमारे १९ डेसिबलने वाढवायचा आणि २०,००० हर्ट्झ जवळजवळ तितकाच उतरवायचा. हे सारे तीन आकड्यांत सामावले आहे : ३१८०, ३१८ आणि ७५ मायक्रोसेकंद.

मायक्रोसेकंद पाहून घाबरू नये. रेझिस्टरचे किलोओहम आणि कपॅसिटरचे नॅनोफॅरड यांचा गुणाकार केला की मायक्रोसेकंद येतात. ७.५ गुणिले १० म्हणजे ७५. ज्याला पाढे येतात त्याला हे येते.

नेहमीच्या मांडणीत आयसीच्या फीडबॅकमध्ये दोन जोड्या एकापुढे एक असतात. प्रत्येक जोडीत एक रेझिस्टर आणि त्याला समांतर एक कपॅसिटर. एका जोडीचा गुणाकार ३१८० आणि दुसरीचा ७५ हवा. ३१८ हा आकडाही साधायचा असेल तर मोठा कपॅसिटर लहानाच्या ३.६ पट लागतो. लहान १० नॅनोफॅरड घेतला तर मोठा ३६. दुकानात ३६ सहसा मिळत नाही. मग ३३ आणि ३.३ समांतर जोडावेत, ३६.३ होतात. त्याला रेझिस्टर ८२ आणि ५.६ किलोओहम एकापुढे एक, म्हणजे ८७.६. गुणाकार करून पाहा, ३१८० ला जाऊन भिडतो. तिसरा आकडा ३१८ ऐवजी ३२० च्या जवळ येतो. एवढा फरक कानाला कळत नाही. कपॅसिटर मोजक्याच मूल्यांत मिळतात, एक टक्क्याचे मेटल फिल्म रेझिस्टर मात्र हव्या त्या मूल्यात आणि स्वस्त. म्हणून आधी कपॅसिटर ठरवावा आणि रेझिस्टर त्याला जुळवून घ्यावा.

आता माझी चूक. लॅमिंग्टन रोडवरून पॉलिएस्टरचे कपॅसिटर आणले. अंगावर ‘१०३ के’ छापलेले. दहावर तीन शून्ये, म्हणजे १०,००० पिकोफॅरड, म्हणजेच १० नॅनोफॅरड. ‘के’ म्हणजे दहा टक्के कमी-अधिक (‘जे’ असेल तर पाच, ‘जी’ असेल तर दोन). त्या अक्षराकडे मी पाहिलेच नाही. वडिलांची नाट्यगीतांची जुनी मोनो रेकॉर्ड लावली, तर गाणाऱ्याचा आवाज मधोमध येईना. ‘स’ आणि ‘श’ उजवीकडून टोचत. मी म्हणालो, “दादा, तुमच्या जुन्या सुईने खाचेची एक बाजू खाल्ली.” ते काही बोलले नाहीत. रेकॉर्ड पुसून पाकिटात ठेवली आणि कित्येक महिने बाहेर काढली नाही.

पुढे कपॅसिटर मोजणारा मीटर हाती आला. डावीकडचा १०.९ निघाला, उजवीकडचा ९.१. अशा तफावतीने १०,००० हर्ट्झला दोन्ही बाजूंत एक डेसिबलहून जास्त फरक पडतो. बँकेत जमा आणि नावे जुळल्याशिवाय आम्ही घरी जात नाही आणि इथे मी छापील आकड्यावर विसंबलो! खरे तर प्रीअँप्लिफायरच्या तोंडाशी डावी-उजवी वायर अदलाबदल केली असती तरी उलगडा झाला असता. दोष रेकॉर्डचा असेल तर तो बाजू बदलतो, प्रीअँप्लिफायरचा असेल तर जागेवर राहतो. दोन मिनिटांचे काम, पण ते मला सुचले नाही.

प्रकारांविषयी थोडक्यात. या जागी इलेक्ट्रोलिटिक नको. त्याच्या मूल्याचा भरवसा नाही. साध्या सिरॅमिकचे मूल्य व्होल्टेज आणि उष्णतेने हलते, शिवाय टिचकी मारली तर स्पीकरमध्ये ऐकू येते. सिरॅमिकच घ्यायचा तर ‘एनपीओ’ जातीचा घ्यावा, तो फार स्थिर असतो. पॉलिस्टायरीन उत्तम, पण आता सहज मिळत नाही आणि सोल्डरच्या उष्णतेने बिघडतो; पाय चिमट्याने धरून काम उरकावे लागते. माझी पसंती पॉलिप्रॉपिलीनला. पॉलिएस्टरही मोजून घेतला तर चालतो. महागड्या नावाचा न मोजलेला कपॅसिटर मात्र मी घेणार नाही.

मोजण्यासाठी भारी मीटर लागत नाही. आपला मीटर दोन टक्के चुकत असला तरी दोन्ही बाजूंना सारखाच चुकतो, त्यामुळे जोडी जुळते. मी वीस कपॅसिटर आणले, सगळे मोजले आणि त्यांतून दोन जुळे निवडले. मोठ्या जोडीचेही तसेच केले. मग तीच रेकॉर्ड लावली. आवाज मधोमध आला. मी दादांना कपॅसिटर दाखवून चूक सांगितली. ते म्हणाले, “मला ठाऊक होतं, रेकॉर्ड चांगली आहे.” आणि दुसरी बाजू लावायला सांगितली.

उरलेले अठरा कपॅसिटर मूल्याची चिठ्ठी चिकटवून डब्यात ठेवले आहेत. ज्या विद्यार्थ्याला प्रीअँप्लिफायर बांधायचा असेल त्याने रविवारी घरी येऊन घेऊन जावेत.